अस्वलाशेजारची दोन बोटं

निघण्याआधी

जपानवर लिहायचं म्हणजे फुजी पर्वत, चेरीची फुलं आणि घड्याळाच्या काट्यावर येणारी गाडी एवढं आलं की भागतं. या तिन्हींबद्दल वाचून तुम्हाला पुरेसा कंटाळा आला असेल, असं मी गृहीत धरते. मी सांगतेय तो प्रवास तीन दिवसांचा होता आणि त्यात मी मुख्यतः एका डोंगराळ गावातली नगरपालिकेची कचेरी आणि एका म्हाताऱ्याची बैठकीची खोली पाहिली. तिथे का गेले हे सांगायला मला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

आम्ही ग्योतोकुला राहतो. टोकियोच्या पूर्वेचं, तोझाई लाइनवरचं उपनगर. नवऱ्याच्या नोकरीमागून इथे आले त्याला बारा वर्षं झाली. पहिली पाच घरात काढली, मग एका मालवाहतूक कंपनीत कागदपत्रांच्या टेबलावर लागले. तिथे मी देवधरची ‘देओदारु-सान’ झाले, म्हणजे देवदाराचं झाडच. जपानी फाडफाड बोलते. वाचायला मात्र लेकीच्या शाळेतून येणाऱ्या परिपत्रकांवर शिकले. त्यामुळे सहल, डबा, उवा आणि स्पर्धा या विषयांत माझा हात कोणी धरू शकत नाही. बाकी सगळा अंदाज.

गेल्या ऑक्टोबरात आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. उत्तरेकडे त्या वर्षी अस्वलं गावांत उतरत होती, बातम्यांत रोज तेच होतं. फोटोत एक मेलेलं काळं अस्वल, छातीवर पांढरी चंद्रकोर. शेजारी भगव्या जाकिटातला एक म्हातारा गुडघ्यावर बसलेला. तो हसतोय आणि त्याने उजव्या हाताची दोन बोटं वर केलीत. खाली गावाच्या वेबसाइटवरची एक ओळ.

“ताई, काय लिहिलंय गं?” कोणीतरी विचारलं. ग्रुपवर जपानी वाचणारी म्हणून माझा लौकिक.

ओळीत ‘दुसरी प्राथमिक शाळा’ मला लागलं, ‘अस्वल’ लागलं. शेवटी ‘होकाकु’ असा शब्द होता, त्यातलं एक अक्षर चांगलं ओळखीचं होतं. शाळेच्या परिपत्रकात ‘आपल्या वाद्यवृंदाने सुवर्णपदक पटकावले’ असं असतं, त्या ‘पटकावले’तलंच. मी ठोकून दिलं: ‘दुसऱ्या प्राथमिक शाळेजवळ अस्वल पटकावलं!’ माझी बारा वर्षांची लेक ईरा मागे उभी राहून दात घासत होती. ती म्हणाली, “चिगाउ.” म्हणजे चूक आहे. मी तिला चूळ भरायला पाठवलं.

मग मी बसून लिहिलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि खरं सांगायचं तर ती आग मला सुखावतही होती. लिहिलं की आफ्रिकेत जाऊन सिंह मारून त्याच्या आयाळीवर हात ठेवून फोटो काढणाऱ्या श्रीमंत शिकाऱ्यांना आपण नावं ठेवतो, पण इथे तर नगरपालिकाच एका थेरड्याला मुक्या जिवाशेजारी बसवून विजयाची दोन बोटं दाखवायला लावते आणि ते शाळेच्या नावाने मिरवते. ‘मुलांना हेच का शिकवणार?’ असा शेवट केला. त्याखाली कचेरीचा फोन नंबर टाकला. तो मीच शोधून काढला होता.

ते लिखाण कुठवर गेलं कोण जाणे. पुण्याहून माझ्या वहिनीने मलाच ते पाठवलं, ‘वाच, डोळे उघडतील’ म्हणून. आठवडाभरात त्याचं इंग्रजी झालं, त्याचं कोणीतरी जपानीही केलं. मी स्वतः जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमागच्या बागेत बसून त्या कचेरीत फोन लावला. एका बाईने घेतला. मी पंचवीस मिनिटं बोलले. ती मधे मधे “हाय... हाय...” एवढंच म्हणत होती. जपानीत हाय म्हणजे हो. आपल्याकडे कलेक्टर कचेरीबाहेर मोर्चे दुसऱ्याच्या नावाने ‘हाय हाय’ ओरडतात, इथे कचेरी स्वतःच म्हणत होती. तिने ना प्रतिवाद केला, ना फोन ठेवला. मी ग्रुपवर कळवलं, ‘बोबडी वळली होती!’ टाळ्यांचे हात आले.

दोन आठवड्यांनी मुग्धाचा फोन आला. मुग्धा नाशिकची, सेंदाईच्या विद्यापीठात पोस्टडॉक आहे, टोकियोच्या गणपतीत आमची ओळख झाली होती. ती जंगलातल्या बीच झाडांच्या बियांवर काम करते.

“ताई, तुझं ते लिखाण मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवलं. ते गाव माझ्या फील्डवर्कचं आहे. येतेस का बघायला?”

तिच्या आवाजात मला काहीच वेगळं जाणवलं नाही. मला वाटलं, लेखाच्या दुसऱ्या भागाची सोय झाली. गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली, नवऱ्याला कुकरच्या शिट्ट्या समजावल्या आणि निघाले.

गुरुवार: सेंदाई

टोकियो स्टेशनात प्रवासासाठी डबे मिळतात, त्यांचं एक अख्खं दुकानच आहे. मी सेंदाईकडचा शरदातला खास डबा घेतला. भातावर शिजवलेला सॅमन मासा आणि त्यावर त्याच माशाची केशरी अंडी, टपोऱ्या साबुदाण्यासारखी. आई आणि तिची न जन्मलेली पोरं एकाच डब्यात. मी ते मिटक्या मारत खाल्लं आणि खाता खाता फोनवर माझ्या लिखाणाखालच्या प्रतिक्रिया वाचल्या. एकीने लिहिलं होतं, ‘ती मादी असेल तर? तिची पिल्लं कुठे जातील?’ मी तिला लाल बदाम पाठवला. अंड्यांचे दाणे जिभेखाली फुटत होते.

खिडकीबाहेर काही बघण्यासारखं नसलं की नको ते आठवतं. मला कोबेची दिवाळी आठवली. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भारतीय व्यापारी आहेत. त्यांतल्या एकांच्या घरी नवऱ्याच्या कामामुळे आमंत्रण होतं. दिवाणखान्यात जमिनीवर सिंहाचं कातडं होतं, डोक्यासकट, तोंड उघडं. यजमानांनी फोनवर फोटो दाखवले. गाडी, बंदूक, सिंह, त्यावर त्यांचा बूट. सगळं कायदेशीर, परवाना काढून, असं दोनदा म्हणाले. खरी हौसेची शिकार, मी जिच्यावर पुढे शब्दांचे ढीग ओतले, ती माझ्या पायाखाली पसरली होती. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, “कातडं मेंटेन करायला त्रास होत असेल नाही?” मग दुसरी जिलबी घेतली. मोठ्या माणसासमोर माझी जीभ अशी आवरती असते. ती सुटते कचेरीतल्या बाईवर, जिला फोन ठेवता येत नाही.

सेंदाई टोकियोपेक्षा सुटसुटीत आहे. झाडं जास्त, माणसं कमी, विद्यार्थी सायकलींवर. मुग्धा स्टेशनवर घ्यायला आली आणि आधी झुंदा खायला घेऊन गेली. झुंदा म्हणजे हिरवं सोयाबीन वाटून, साखर घालून तांदळाच्या मऊ गोळ्यांवर थापतात. आपल्या वाटल्या डाळीला कोणी कैरी-मिरचीऐवजी साखर घातली तर जे होईल ते. मुग्धाच्या मते ते स्वर्गीय आहे. सहा वर्षं परदेशात एकटं राहिल्यावर माणसाचं असं होतं.

तिने मला बीचच्या बियांचं सांगितलं. तीन धारांच्या, शेंगदाण्याहून लहान. अस्वलं हिवाळ्याआधी त्यांवर चरबी साठवतात. पण झाडं दर वर्षी धरत नाहीत. एखाद्या वर्षी सगळ्या डोंगराने मिळून संप केल्यासारखं होतं, मोजायला झाडाखाली बांधलेल्या जाळ्यात एक बी पडत नाही. हे तसलं वर्ष.

“मग त्यांना खायला घाला ना,” मी म्हटलं. “गोळ्या घालण्यापेक्षा सोपं.”

“उद्या बघू,” मुग्धा म्हणाली आणि माझ्या पिशवीला एक पितळी घंटा बांधली. अस्वलाला आवाजाने आधी कळावं म्हणून. चालताना मी शेळीसारखी वाजत होते.

शुक्रवार: कचेरी

दोन डब्यांची गाडी, मग बस, मग ते गाव. अर्ध्या दुकानांची शटरं कायमची खाली. घरोघरी तेंदूफळासारख्या पर्सिमनची झाडं, पानं गळलेली आणि नारिंगी फळांनी लगडलेली. तोडायला कोणी नाही. तोडणारे टोकियोला गेले, उरलेल्यांना शिडीवर चढवत नाही. रस्त्याकडेच्या भोंग्यातून एक गोड आवाज सांगत होता की नदीकाठी अस्वल दिसलं आहे, कृपया काळजी घ्यावी. दूध आणायची आठवण करून द्यावी तशा आवाजात.

उतरलो तिथल्या घरमालकीण बाईंनी ताटलीभर पर्सिमन दिले. मी ते मागच्या पायरीवर बसून सोलले आणि सालं समोरच्या शेतात भिरकावली. मातीत मिळतील, चांगलं खत होईल, अशी आपली समजूत. वर मी मुग्धाला ऐकवलं की इथे निसर्गाच्या जवळ किती बरं वाटतं. घरमालकीण रबरी बूट घालून शेतात उतरल्या आणि वाकून एकेक साल वेचायला लागल्या.

“ताई,” मुग्धा हळूच म्हणाली, “त्या सालांच्या वासाने अस्वल संध्याकाळी अंगणात येईल.”

मी पण उतरून सालं वेचली. सत्तरीच्या बाईंच्या मागे मागे, घंटा वाजवत. ग्योतोकुत दुधाची पिशवी धुऊन, वाळवून, कापून वेगळ्या कचऱ्यात टाकणारी मी. इथे येऊन मला निसर्गप्रेमाचा झटका आला होता.

दुपारी कचेरीत गेलो. शेती आणि वन विभाग म्हणजे चार टेबलं. तिथल्या चिबा-सान पंचेचाळीसच्या असतील. टेबलावर घशाच्या गोळ्यांचा डबा आणि आवाज पार बसलेला. मुग्धाने माझी ओळख ‘टोकियोकडची मैत्रीण’ एवढीच करून दिली. मी नमस्कार म्हटलं, तशा चिबा-सान माझ्याकडे क्षणभर जास्त पाहत राहिल्या, मग वाकल्या. मीही वाकले. चहा आला.

मुग्धाने विचारलं, “तो फोटो कसा काढला ते देओदारु-सानांना सांगाल?”

चिबा-सानांनी कपाटातून एक छोटा पांढरा फळा काढला. अस्वल मारावं लागलं की कागदाबरोबर फोटो जोडावा लागतो. फोटोत अस्वल हवं, मारणारा माणूस हवा आणि फळ्यावर तारीख, जागा आणि ते हंगामातलं कितवं हे हवं. त्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. त्या दिवशी पहाटेपासून पाऊस होता. फळा भिजला होता, मार्कर उठेना.

“मीच म्हटलं, ओनोदेरा-सान, बोटांनी दाखवा,” चिबा-सान म्हणाल्या. “दुसरं होतं ना. म्हणून दोन.”

मी चहाचा कप खाली ठेवला.

“आणि कॅमेरा डोळ्याला लावल्यावर मी म्हटलं, हाय, चीझ. सवयीने. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटो मीच काढते. तसे ते हसले. तेही सवयीने.”

वेबसाइटवर टाकला तो शाळेच्या पालकांसाठी. शाळेजवळचं अस्वल पकडलं आहे, उद्यापासून मुलं चालत येऊ शकतात, हे कळावं म्हणून. पकडलं. होकाकु म्हणजे पकडणं, कचेरीच्या भाषेत जिवंत किंवा मेलेलं. पटकावणं वेगळं, त्याचा शब्दच वेगळा आहे, फक्त एक अक्षर सामायिक. हे दात घासणाऱ्या पोरीला माहीत होतं.

चिबा-सानांनी कॅमेऱ्यातला पुढचा फोटोही दाखवला. तीन म्हातारे अस्वल टेम्पोत चढवायच्या प्रयत्नात आहेत, आणि त्यांतला एक चिखलात फतकल मारून बसलाय. तोच ओनोदेरा-सान. हा फोटो व्हायरल झाला असता तर लोक हसले असते आणि विसरले असते.

तेवढ्यात फोन वाजला. चिबा-सानांनी घेतला, दोन वाक्यं ऐकली आणि हतबल होऊन मुग्धाकडे पाहिलं. पलीकडून इंग्रजी. मुग्धा बाथरूमकडे निघाली होती, मुद्दाम की काय माहीत नाही. रिसीव्हर माझ्या हातात आला.

पलीकडे एक गृहस्थ इंग्रजीत गरजत होते. दुसऱ्याच वाक्यात मी ओळखलं. तो ‘शेम’ फक्त कोथरूडातच तसा म्हणतात.

“मराठीत बोला,” मी म्हटलं.

“तुम्ही मराठी? त्या कचेरीत? लाज नाही वाटत?”

“वाटते. बोला.”

मग त्यांनी मला माझीच वाक्यं वाचून दाखवली. विजयाची दोन बोटं. मुका जीव. मुलांना हेच का शिकवणार. चढ-उतारासकट, वक्तृत्व स्पर्धेसारखं. “आणि हे कोणा ऐऱ्यागैऱ्याने लिहिलेलं नाही! तिथे राहणाऱ्या बाई आहेत. त्यांना जपानी येतं!”

“ती मीच. आणि मला जपानी येत नाही.”

मी फळा, पाऊस, मार्कर सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, तुमच्यावर दबाव आहे का? हो किंवा नाही एवढंच सांगा.”

मी नाही म्हटलं. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. मग ते स्वतः केवढे प्राणिप्रेमी आहेत ते सांगू लागले. ताडोबाला दर वर्षी जातात. मागच्या खेपेला एका वाघिणीला आठ जीपनी घेरलं होतं, ती कुठे जाऊच शकत नव्हती, काय फोटो आलेत! दिवाणखान्यात मोठा करून लावलाय. मला फोन आपटायचा होता. पण चिबा-सान समोर उभ्या राहून दोन्ही हात हलवून नको नको करत होत्या. कचेरीचा नियम आहे, फोन समोरच्याने ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही. मी अठरा मिनिटं ‘हं’ म्हणत उभी राहिले. मला ऑक्टोबरमधली ती बागेतली दुपार आठवत होती, आणि बोबडी वळल्याचं मी कळवलं होतं ते.

निघताना चिबा-सान दारापर्यंत आल्या. खोल वाकल्या आणि बसलेल्या आवाजात म्हणाल्या, “देओदारु-सान, ऑक्टोबरमध्येही फोन केल्याबद्दल आभारी आहे.”

त्यांनी माझा आवाज आल्या क्षणी ओळखला होता. आणि तरी चहा दिला होता. आपल्याकडे एखादीने शिव्या दिल्या असत्या तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. या आभारांचं काय करायचं ते मला बस स्टॉपपर्यंत कळलं नाही.

“तुला माहीत होतं सगळं,” मी मुग्धावर उखडले. “फोनवरच का नाही सांगितलंस?”

“फोनवर तू ऐकलं असतंस?” ती म्हणाली.

शनिवार: ओनोदेरा-सानांचं घर

मी माफी मागायला जायचं ठरवलं. त्यात थोडा स्वार्थ होता. माफी मागितली की दुसऱ्याने ‘जाऊ द्या हो’ म्हणायचं असतं, आणि आपण हलकं होऊन घरी जायचं असतं. सेंदाईहून आणलेला मिठाईचा खोका घेतला, इथे रिकाम्या हाताने माफीही मागत नाहीत.

ओनोदेरा-सान चौऱ्याहत्तर वर्षांचे. तीस वर्षं दुसऱ्या प्राथमिक शाळेची बस चालवली. बुटके, कानांवर केस आलेले, त्या फोटोतल्यासारखेच हसरे डोळे, कारण तो त्यांच्या चेहऱ्याचाच घाट आहे. त्यांच्या बायकोने मुळ्याचं लोणचं, उकडलेली चेस्टनट आणि चहा मांडला. लोणचं आपल्या मुरलेल्या मुळ्याच्या जवळपास पोचणारं, फक्त तिखटाविना. त्याच बुटक्या टेबलावर चहाच्या कपांपलीकडे एक फॉर्म ठेवलेला होता. बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण. सगळे रकाने सुबक अक्षरात भरलेले. शिक्का मारायची जागा तेवढी कोरी. इथे सहीऐवजी स्वतःच्या नावाचा शिक्का मारतात. तो लाकडी शिक्का फॉर्मशेजारी आपल्या डबीत आडवा पडला होता.

मुग्धाने मला वाटेत सांगितलं होतं. गावात बंदूक चालवणारे तिघे उरलेत, आणि चालता चालता धाप न लागणारे ओनोदेरा-सान एकटे. ते फॉर्म भरून तीन आठवडे बसलेत. मुदत सोमवारी संपते.

मी चटईवर गुडघे टेकून कपाळ खाली नेलं आणि माफीचं जपानी वाक्य म्हटलं. रोज ऑफिसात दहादा म्हणते, गाडी उशिरा आली तरी म्हणते. त्याचा शब्दशः अर्थ ‘सांगण्यासारखं कारण माझ्यापाशी नाही’ असा आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य माझ्या तोंडून खरं निघालं. मग मी सगळं सांगितलं. माझं वाचन, माझं लिखाण, तो नंबर. ओनोदेरा-सान तिकडच्या बोलीत बोलत होते, माझ्या शहरी जपानीला ती झेपेना. मुग्धा मराठीत सांगत गेली.

“अस्वल कसलं होतं ते विचारतायत का तुझे लोक, असं म्हणतायत.”

“विचारतात. मादी होती का म्हणून.”

“मादीच होती. एका पिल्लाची. पिल्लू पळालं. ते बर्फात जगणार नाही, हे त्यांना माहीतेय, म्हणतायत. पर्सिमनच्या झाडावर होती ती, शाळेच्या भिंतीला लागून. सकाळी सात वाजता.”

हे ते अगदी सपाट आवाजात बोलले. मला म्हणायचं होतं, की तुमचा इलाजच नव्हता. पण ते म्हणायचा अधिकार मी फोन नंबर टाकला तेव्हाच घालवला होता.

मी म्हटलं, “फोन करणारे मूर्ख आहेत. मी त्यांतली पहिली. आमच्यामुळे तुम्ही थांबू नका.”

ते हसले. मग बराच वेळ बोलले. मुग्धा सांगू लागली.

“फोनचं काही नाही, म्हणतायत. फोन चिबा-सान घेतात, वाईट वाटतं ते त्यांच्यासाठी. यांची नात सेंदाईत पाचवीत आहे. वर्गातल्या मुलांनी तो फोटो दाखवला. ती सुट्टीत आली होती. तिने विचारलं, आजोबा, तुम्ही हसत का होता? बोटांचं त्यांनी समजावलं, ते तिला पटलं. पण हसत का होता, याचं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं. चिबा-सानांनी चीझ म्हटलं म्हणून, असं कसं सांगायचं? ती आता इथे आली की त्यांच्या हाताकडे बघते, म्हणतायत.”

ओनोदेरा-सानांची बायको चहा ओतायला उठली आणि किटली हातात धरून तशीच उभी राहिली.

ओनोदेरा-सानांनी शिक्का उचलला. मला वाटलं, मारतायत. खरंच वाटलं, आणि माझ्या मनात आधी काय आलं असेल तर, चला, सुटले. त्यांनी डबीचं झाकण लावलं, डबी मागच्या खणात टाकली आणि फॉर्मची घडी घातली.

मग त्यांनी माझ्याकडे वळून, मला कळावं म्हणून सावकाश, शाळेतल्या मुलाशी बोलावं तशा जपानीत विचारलं, “तुम्ही ते तुमच्या भाषेत लिहिलं होतंत ना?”

“हो.”

“मग त्याच भाषेत लिहा. म्हातारा थांबला म्हणून. एवढ्या लांबून लोकांनी फोन केले, त्यांना वाईट वाटलं होतं. कळलं की बरं वाटेल.”

त्यात टोमणा नव्हता. मी फार शोधला. पुण्याच्या माणसाला टोमणा सापडत नाही तेव्हा तो खरोखर नसतो.

परत

ग्योतोकुला आल्या आल्या मी ग्रुपवर खुलासा टाकला. आधीच्या लिखाणाच्या चौपट लांब, आणि कोणी तो शेवटपर्यंत वाचला असेल असं मला वाटत नाही. दोन अंगठे आले. एकीने लिहिलं, ‘पण तरी, मारायलाच हवं होतं का?’ एकीने विचारलं की सेंदाईला झुंदा कुठे चांगला मिळतो. वहिनीने पुण्याहून कळवलं की माझा खुलासा खोटा असावा, कारण मूळ लेख जास्त चांगला लिहिलाय. तो अजून फिरतोय. परवा तो मला सामोसे विकणाऱ्या बाईंनी दाखवला.

ईराला मी सांगितलं, तुझं बरोबर होतं. ती जपानीत म्हणाली, माहीतेय, आणि गृहपाठाला बसली.

निरोप पोचवायचं मी कबूल केलं होतं, म्हणून हे सगळं लिहिलं. तर ज्यांनी ज्यांनी फोन केले, ज्यांनी लाल बदाम पाठवले, ज्यांना मादी असेल की नर या चिंतेने झोप लागली नाही, त्या सगळ्यांना कळवायचं ते असं. भगव्या जाकिटातल्या म्हाताऱ्याने बंदूक पोलिसांत जमा केली आहे. आता शाळेच्या भिंतीपाशी अस्वल आलं की बोलावतात ते एक्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांना, आणि त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नाही. मुलं चालतच शाळेत जातात, कारण बस ओनोदेरा-सान निवृत्त झाले त्याच वर्षी बंद झाली. ओनोदेरा-सान स्वतः रोज सकाळी साडेसहाला हातात एक काठी घेऊन शाळेजवळच्या त्या पर्सिमनच्या झाडाखाली जाऊन उभे राहतात. नुसती काठी. हे मला मुग्धाने कळवलं, त्यांनी कळवायला सांगितलेलं नाही. त्यांनी सांगितलं होतं ते एवढंच, की ते थांबले आहेत, आणि तुम्हाला बरं वाटावं.